दगडोजीचा लिफाफा

१

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दगडोजी घटिके नाहीसे झाले. त्यांना वारून दीडशे वर्षं होत आली होती, म्हणून पोलिसांत कुणी कळवलं नाही. मला मात्र कळवलं.

फोन विशाखाचा होता. "सर, जरा ऑफिसला येता का? खंड आठमधला एक लिफाफा सापडत नाहीये. तुम्हाला इथल्या खोडी माहीत आहेत."

खोडी मला माहीत असणारच. राष्ट्रकोशाच्या मराठी कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. देशातल्या सगळ्या भाषांत एकच ज्ञानकोश काढायचा असं दिल्लीत कुणाच्या तरी मनात आलं तेव्हा मी चड्डीत होतो. मराठीचा पहिला खंड निघाला तेव्हा मला मिशी होती. विसावा निघाला तेव्हा मिशी पांढरी होऊन, काढून टाकून, सात वर्षं झाली होती. मधे शिशाचे खिळे गेले, ऑफसेट आलं, एक सीडी निघाली, जी संचालकांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली फार छान बसायची. मग छपाई बंद झाली. आता सगळा कोश ऑनलाईन चढतोय. छापील खंडात आमचं शहर औ मध्ये आहे, ऑनलाईनमध्ये छ मध्ये. रिक्षावाला दोन्हीकडं नेतो.

चढवण्याचा नियम एकच. प्रत्येक नोंदीचा एक मूळ लिफाफा असतो. आत हस्तलिखित, आधार, पत्रं. नोंद माणसाची असेल तर लिफाफ्याच्या दर्शनी बाजूला त्याचा फोटो चिकटवलेला. तो लिफाफा आधी स्कॅन होणार, मगच नोंद चढणार. लिफाफा नाही तर नोंद नाही.

पडेगावच्या रस्त्याला एका बंद सूतगिरणीच्या गोदामात आमचं कार्यालय आहे. मी पोचलो तेव्हा लोखंडी कपाटाचा 'द' चा खण ओढलेला होता आणि त्याभोवती तिघं उभी होती, एखाद्या विहिरीत कुणी पडल्यासारखी.

विशाखा ऑनलाईन विभागाची संपादक. वय बत्तीस, बोलणं मोजकं, आणि वाईट खोड अशी की ती तळटिपा वाचते. आकाश स्कॅनिंगवाला, कानात सदा काहीतरी घातलेलं. आणि कडूबाई, या कपाटांची राखणदार, बारा वर्षं कंत्राटावर. किल्ली तिच्या कमरेला.

दगडफूल होतं. पुढं दत्तक होतं. मधल्या फटीत दगडोजींच्या जागी एक कोरी गुलाबी चिठ्ठी उभी होती, कोपरा दुमडलेली.

"हे काय?" विशाखानं विचारलं.

"जुनी रीत," मी म्हणालो. "लिफाफा बाहेर काढला की त्या जागी चिठ्ठी ठेवायची. कुणी नेला, कधी नेला, कधी परत दिला. छपाई बंद झाली तशा चिठ्ठ्याही बंद झाल्या. एखादी अडकून राहिली असेल."

"कोरी?"

मी खांदे उडवले. तेवढ्यात संचालक आले. खण बघितला, मग कडूबाईची कंबर बघितली.

"किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं, साहेब."

"सोमवारी तुमच्या कायम होण्याच्या कागदावर माझी सही व्हायची आहे ना? सोमवारपर्यंत लिफाफा जागेवर आला नाही तर सही होणार नाही. आणि कंत्राटाचंही मी काही सांगत नाही."

कडूबाई खणाकडं वळली. तिनं खण आत लोटला. तो नेहमी अडतो. तिनं गुडघ्यानं हलकेच वर उचलून बसवला, आणि पदरानं कडा पुसली.

या गोष्टीत चोर एकच आहे आणि तो तुमच्यासमोर येऊन गेलाय. मी थापाड्या म्हणून गारखेड्यात प्रसिद्ध आहे, पण हे वाक्य थाप नाही.

२

"दगडोजी घटिके कोण होते?" विशाखानं खंड आठ माझ्यापुढं उघडून ठेवला.

कोण होते म्हणजे? नहरीच्या पाण्यावर चालणारं घड्याळ करणारे फुलंब्रीचे कारागीर. जन्म १८११, मृत्यू १८७९ आणि पुढं प्रश्नचिन्ह. शेतीच्या पाण्याच्या पाळ्या त्यांच्या घड्याळावर लागायच्या. ते घड्याळ उभ्या हयातीत एकदाच बंद पडलं, तेही एक तहसीलदार त्याच्या साक्षीनं खोटं बोलला म्हणून. हैदराबादेहून बोलावणं आलं, तर दगडोजींनी निरोप पाठवला की मी निघालो तर पाळी कोण सांगणार. एकूण अकरा ओळी. शेवटी आधार: 'दख्खनी घटीयंत्रे', बऱ्हाणपूर, १८९१.

"छान आहे," ती म्हणाली. "फार छान आहे. एक विचारू? या खंडात नऊशे चार नोंदी आहेत. प्रत्येकीखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. या एकीखाली नाहीत."

"खिळे पडले असतील. शिशाचं काय, उंदीरसुद्धा न्यायचे. आमचा कचरू दफ्तरी तर इतका काटकसरी, की वापरलेला लिफाफा उलटा करून पुन्हा खळीनं चिकटवायचा. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, मी ती उलटून बघितली, तर आत आमच्याच खंडाची प्रुफं."

ती हसली, पण बोट त्या अकरा ओळींवरून काढलं नाही. "बऱ्हाणपूरचं हे पुस्तक मी सहा ग्रंथालयांत विचारलं. कुठंच नाही."

ते कुठंच नसणार. मृत्यूच्या सालापुढं प्रश्नचिन्ह टाकलं की नोंद खरी वाटते, आणि बऱ्हाणपूर टाकलं की कुणी बघायला जात नाही. मला हे इतकं नक्की माहीत आहे, कारण दगडोजी घटिके कधी जन्मलाच नव्हता. १९८७ साली, छापखान्यातल्या मोडक्या स्टुलावर बसून, तो मी लिहिला.

३

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं मजा म्हणून केलं. लोकांना मी तसंच सांगत आलो. खरं कारण गरीब आहे.

छापील पानाला भोक चालत नाही. पान जुळलेलं असताना ऐनवेळी एखादी नोंद काढली तर तेवढ्याच ओळींची दुसरी, त्याच अक्षराची, तिथं बसवावी लागते. नाहीतर पुढची चाळीस पानं पुन्हा जुळवा. त्या संध्याकाळी द च्या पानावरची अकरा ओळींची एक नोंद निघाली. 'छापील आधार नाही' असा शेरा पडला. तो शेरा माझ्याच अक्षरात होता. छापखान्याचा माणूस म्हणाला, साहेब, अर्ध्या तासात अकरा ओळी द्या. मी दिल्या. जी नोंद काढली ती कुणाची, ते आत्ता सांगायची माझी छाती नाही.

विशाखानं चौकशी सुरू केली आणि मला शेजारी बसवलं. पहिला आकाश.

"मॅडम, अपना काम फक्त स्कॅन मारायचं. दिवसाला दीडशे लिफाफे. दगडोजी असो का धोंडोजी, मला सगळे सारखेच."

"कालपर्यंत कुठवर आला होतास?"

"थ संपवला. आज सकाळी द काढला, तर हे. पण एक सांगू? द चा खण बघा. बाकी खणांवर बोटभर धूळ आहे, हा चकाचक. कडूबाई रोज याच खणात काय करते, तिलाच विचारा."

आकाश गेला आणि विशाखानं वहीत एक ओळ लिहिली. मग म्हणाली, "फुलंब्रीचे ते गृहस्थ? मागच्या आठवड्यात दगडोजींचे कागद मागायला आले होते ते?"

"आप्पासाहेब. नंबर आहे माझ्याकडं." मी खिशातून सामानाच्या यादीचा फिका पडलेला चिटोरा काढला, मागच्या बाजूला नंबर लिहून दिला.

आप्पासाहेब तासाभरात हजर. पांढरे कपडे, पांढरी गाडी, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांच्या पणजोबांचं नाव दगडोजी होतं. पुरावा एवढाच, पण गावाला पुरला. खंड आठ शाळेत गेला, गुरुजींनी वाचून दाखवला, आणि मी जन्माला घातलेल्या माणसाला पणतू झाला.

"चौकाला नाव दिलंय. दरवर्षी जयंती करतो," ते म्हणाले.

"नोंदीत तर जन्मतारीख नाही," विशाखा म्हणाली.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धरली. गाव मोकळं असतं." मग ते जरा पुढं सरकले. "म्याडम, लिफाफा मी नेईन का? मला तर तो वर चढायला पायजे. माझी नात मोनिका इंजिनियरिंगला आहे. फॉर्म भरताना म्हणाली, आपल्या घरात घड्याळ बनवणारा होता, मग मला काय अवघड. आता ती मोबाईलवर रोज बघते, आजा वर चढला का म्हणून."

पेढा माझ्या हातात होता. तो मी परत पुड्यात ठेवला.

ते उठले तेव्हा विशाखा स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे नोंद चढावी असं वाटणारा माणूस चोर नाही. चोर तो, ज्याला ती चढायला नको आहे." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "असं कोण असेल, सर?"

४

कडूबाई आली ती खुर्चीवर बसली नाही. कपाटाला टेकून उभी राहिली.

"मावशी, मागच्या आठवड्यापासून कपाटाजवळ कोण कोण आलं होतं?"

"कोणी नाय. हा आकाश. ते फुलंब्रीचे दारातूनच गेले. अन् मंगळवारी हे आपले बद्रीसर आले व्हते चहाला. पन ते काय बाहेरचे हायत का? घरचेच."

माझ्या चहाच्या कपाचा कान मी घट्ट धरला.

"द चा खण एवढा स्वच्छ का असतो?"

कडूबाईनं विशाखाकडं बघितलं, मग खाली. "सांगू का नको, म्याडम, हसाल तुम्ही. माझी आजी दगडाबाई. पडेगावच्या वीटभट्टीवर होती. धर्मांतर झालं त्या साली ती नागपूरला पायी निघाली व्हती, जालन्यापातूर गेली, मग रेल्वेत बसली. आली ती लिहायला शिकायचं ठरवूनच. शिकली. मग एक फळी डांबरानं काळी केली, डोक्यावर घेतली, अन् भट्टी भट्टी फिरली. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत बाया बसायच्या विटांवर, ही शिकवायची. लई बाया सही करायला लागल्या, तर मुकादमाला अंगठे मिळंनात."

विशाखाचं लिहिणं थांबलं होतं.

"मी पाच वर्षांची असंन. एक साहेब आले सायकलवर, मिशीवाले. म्हनले, दगडाबाईचं नाव मोठ्या पुस्तकात घालतो. दोन दिवस बसून लिहून घेतलं. घरात आजीचा एकच फोटो व्हता, तो नेला. परत आनून देतो म्हनले." तिनं कपाटावर हात ठेवला. "पुस्तक आलं. बापानं शाळेत जाऊन पाह्यलं. आजीचं नाव नाय. साहेब बी आले नाय. आजी म्हनायची, ईल, कामात असंन. मरूस्तोवर म्हनायची. मी हितं नोकरी धरली ती त्याच्यापायी. म्हनलं कुठंतरी लिफाफा असंन द मधी. बारा वर्षं एक एक नाव वाचते. नाय."

"सरांना विचारलं नाही कधी? ते तेव्हा इथंच होते."

"विचारलं की. दर साली विचारते. सर म्हनतात, लई जुनी गोष्ट, बघतो." ती माझ्याकडं बघून हसली, अगदी मनापासून. "सर बघत असत्याल. त्यांच्याबी मागं काय कमी हाय का."

चहा गार झाला होता. मी तो तसाच पिऊन टाकला.

विशाखा वही मिटून म्हणाली, "मावशी, मंगळवारी सर आले तेव्हा चहा कुणी आणला?"

"मीच. कोपऱ्यावरून."

"आणि किल्ली?"

कडूबाईचा हात कमरेला गेला, आणि मग तिनं कपाटाच्या कुलपाकडं बघितलं.

५

शनिवारी सकाळी विशाखा गारखेड्याला माझ्या घरी आली. मी पोहे करत होतो. तिनं ओट्यावर दोन कागद ठेवले. एक कोरी गुलाबी चिठ्ठी, खणातली. दुसरी आप्पासाहेबांच्या नंबराची. तिच्या एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरात 'शेंगदाणे पाव किलो, हिंग', आणि त्याखाली, फिकट झालेल्या गुलाबी कागदावर छापलेलं: लिफाफा क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, म्हणजे खणातल्या चिठ्ठीवरचेच रकाने.

"चिठ्ठ्यांचे गठ्ठे छपाई बंद झाली तेव्हा रद्दीत गेले," ती म्हणाली. "कडूबाई त्यानंतर लागल्या. त्यांनी ही चिठ्ठी कधी वापरलेली नाही. आकाशला ती काय ते माहीतच नाही. आप्पासाहेब दारातून परतले. लिफाफा काढला की तिथं चिठ्ठी ठेवायची, ही सवय हाताला असलेला माणूस जुनाच हवा. चोरी करतानासुद्धा त्याचा हात खिशात गेला."

"नाव नाही लिहिलं," मी म्हणालो.

"नाही. पण कोपरा दुमडलात."

मी गॅस बंद केला. एकतीस वर्षं आम्ही कोपरा दुमडत आलो, चिठ्ठी लगेच दिसावी म्हणून. मंगळवारी कडूबाई माझ्यासाठी चहा आणायला गेली, किल्ली कपाटालाच ठेवून, कारण मी घरचा. मी खण गुडघ्यानं उचलला, लिफाफा पिशवीत घातला, आणि हातानं हाताचं काम केलं. ते मला खण लोटल्यावर कळलं. परत उघडणार तोवर जिन्यात तिच्या चपला वाजल्या.

"छापील पुस्तकातली थाप चालून जाते," मी म्हणालो. "खंड आठ कोण उघडतंय. आता तो जगभर दिसणार, शेजारी माझं हस्तलिखित. म्हटलं जाळून टाकू."

"मग जाळला का नाही?"

"कोशाचा कागद आहे. हात होईना."

गव्हाच्या डब्यातून लिफाफा काढून मी तिच्या हातात दिला. तिनं आतले कागद बाहेर घेतले नाहीत. लिफाफ्याची कड उजेडाला धरली, अंगठ्यानं चाचपली.

"सर, हा दोनदा चिकटवलाय."

"कचरू. सांगितलं ना, उलटायचा."

"सांगितलंत. पहिल्याच दिवशी, मला हसवायला." तिनं केसातली पिन काढली आणि जुनी खळ हळूच सोडवत गेली. "छापील पानाला भोक चालत नाही, म्हणजे ज्या आठवड्यात ही नोंद आत आली, त्याच आठवड्यात एक बाहेर गेली असेल. कचरूनं बाहेर गेलेलीचाच लिफाफा वापरला असणार. खणातली जागासुद्धा तीच."

लिफाफा उलगडला. आतली बाजू बाहेर आली. वर निळ्या शाईत, माझ्या तरुणपणच्या अक्षरात: 'दगडाबाई. पडेगाव.' त्याच्यावर लाल शेरा: 'छापील आधार नाही.' आणि त्याखाली चिकटवलेला फोटो. डोक्यावर काळी फळी घेतलेली एक बाई, फळीवर खडूनं काढलेला अ.

अडतीस वर्षं मी तो फोटो शोधला नाही असं नाही. शोधला. दोनदा. मग स्वतःला सांगितलं, हरवला. कडूबाई बारा वर्षं ज्या खणाचा केर पुसत होती, त्याच खणात तिची आजी पाठमोरी उभी होती, माझ्या थापेच्या पोटात.

"सायकलवाले साहेब," विशाखा म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

"खरी होती, पण आधार नव्हता म्हणून काढली," मी म्हणालो. "आणि खोट्याला आधार मी बनवून दिला. ते मला तेव्हाही कळत होतं."

"आता काय करायचं ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "सोमवार परवा आहे." पोहे तिनं खाल्ले नाहीत.

६

सोमवारी दहाला मी संचालकांच्या खोलीत गेलो आणि चोर कोण ते सांगितलं. त्यांना वाटलं मी गोष्ट सांगतोय. दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी कडूबाईच्या कागदावर सही केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्ही या खोलीत पुन्हा येऊ नका."

विशाखानं दोन्ही नोंदी उघडून मला संगणकापुढं बसवलं. छापील खंडात चूक निघाली की शुद्धिपत्र निघायचं, ते पहिल्याच वाचकाच्या हातून गळून पडायचं. इथं तसं नाही. कुणी काय बदललं, कधी, ते नोंदीच्या मागं कायम दिसतं. दगडोजीच्या अकरा ओळींवर मी लिहिलं: ही व्यक्ती काल्पनिक आहे, नोंद मी रचली, आधारग्रंथ अस्तित्वात नाही. खाली पूर्ण नाव. मोनिकाला ते मोबाईलवर वाचायच्या आधी कळावं म्हणून फुलंब्रीला फोन केला. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घड्याळ पन नव्हतं का?" मी म्हणालो, नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

दगडाबाईची नोंद मी लिहिली. आधाराच्या जागी: 'प्रत्यक्ष मुलाखत, पडेगाव, १९८६, नात कडूबाई यांची साक्ष.' विशाखा म्हणाली, चालेल, नियम आता बदललाय.

मग कपाटांकडं गेलो. कडूबाई ड चा खण पुसत होती. मी फोटो तिच्या पुढं धरला आणि जे सांगायचं ते सांगितलं. मिशी, सायकल, शेरा, मंगळवार, सगळं. थाप मारताना शब्द कसे धावत येतात. त्या दिवशी एकेक ओढून काढावा लागला.

तिनं हात पदराला पुसले. फोटो घेतला. खूप वेळ बघितला.

"दर साली विचारत व्हते मी तुमाला," ती म्हणाली.

"व्हय."

"अन् तुमी चहा पीत व्हता."

मी मान खाली घातली. ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा चप्पल काढेल. तिनं दोन्ही केलं नाही. खणाच्या फटीतली ती कोरी गुलाबी चिठ्ठी विशाखानं तिच्याकडंच दिली होती. ती तिनं कपाटावर ठेवली, दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला, आणि माझ्या खिशातलं पेन काढून माझ्याच हातात दिलं.

"भरा."

मी लिहिलं. लिफाफा क्रमांक. नेणाऱ्याचे नाव. नेल्याची तारीख: डिसेंबर १९८६. परत दिल्याची तारीख टाकताना हात थांबला. चिठ्ठीवर तेवढेच रकाने होते. मधल्या वर्षांचा रकाना कुणी छापलाच नव्हता.

"सही," कडूबाई म्हणाली. "नीट करा. माझी आजी असती तर अंगठा चालवून घेतला नसता."